सोफ्याला विचारून चित्र घेऊ नये
घरासाठी समकालीन कला आणि डिझाइन कसं ओळखायचं, त्याविषयी थोडं सविस्तर

हर्बर्ट व्होगेल न्यूयॉर्कच्या टपाल खात्यात रात्रपाळीला पत्रांची वर्गवारी करायचे. त्यांच्या पत्नी डोरोथी ब्रुकलिनच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल होत्या. १९६२ साली लग्न झालं आणि पुढे दोघांनी एक हिशेब ठरवून घेतला. डोरोथींच्या पगारात घर चालवायचं, हर्बर्टच्या पगारातून कलाकृती घ्यायच्या. अटी दोनच होत्या: परवडली पाहिजे आणि एका बेडरूमच्या घरात मावली पाहिजे. १९९२ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टशी त्यांचा करार झाला, आणि संग्रहातल्या कलाकृतींची संख्या अखेरीस ४,०००च्या वर गेली. त्यात सॉल लविट, रिचर्ड टटल अशी पुढे गाजलेली नावं होती. त्यांच्या कलाकृती व्होगेल दांपत्याने घ्यायला सुरुवात केली, तेव्हा या मंडळींना फारसं कुणी ओळखत नव्हतं.

पैसा नसलेल्यांनीही मोठा संग्रह केला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला त्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या दोन अटींत ‘पडद्यांना मॅच झालं पाहिजे’ ही तिसरी अट नव्हती. आपल्यापैकी बहुतेकजण मात्र तिथूनच सुरुवात करतात. सोफा राखाडी, उशा मोहरी रंगाच्या, म्हणून चित्रातही थोडा राखाडी आणि थोडा मोहरी हवा. असं चित्र पहिल्या दिवशी छान दिसतं आणि महिन्याभरात दिसेनासं होतं, कारण ते उठून दिसू नये म्हणूनच निवडलेलं असतं. सोफा दहा-बारा वर्षांनी बदलतो. चित्र चांगलं असेल तर ते त्यानंतरही राहतं. मग कुणी कुणाला विचारायचं?

आता ‘समकालीन’ म्हणजे काय, ते चटकन उरकून टाकू. साधारणपणे १९६०च्या दशकानंतरच्या आणि आज होत असलेल्या कलेला समकालीन म्हणतात. त्याआधीचं साधारण शतकभर आधुनिक कलेचं. ही सीमारेषा सोयीसाठी आखलेली आहे, तिच्यावरून वाद घालत बसण्यात अर्थ नाही. घरासाठी बघणाऱ्याला एवढं पुरे की या काळात कलेच्या सामग्रीवरचं बंधन सुटलं. तैलरंग आणि संगमरवराच्या जोडीला छायाचित्र, कापड, निऑनची नळी, व्हिडिओ, कागदाच्या चिंध्या, नुसत्या लेखी सूचना, सगळंच आलं. ‘हे कळत नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच सुरू होते.

कळण्याचा एक साधा मार्ग आहे. ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवायचा आणि आधी हे कशाचं आहे, कसं केलंय आणि करताना काय काय टाळलंय, ते बघायचं. जोसेफ आल्बर्सची ‘होमेज टू द स्क्वेअर’ ही मालिका घ्या. १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत हा माणूस एकात एक चौकोन रंगवत राहिला, हजाराहून जास्त वेळा. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण जवळ जाऊन बघा. रंग कॅनव्हासवर नाही, मेसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या कडक पाटीवर आहे. तो ट्यूबमधून काढून थेट पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या बोथट पात्याने) पसरलेला आहे, शक्यतो मिसळलेला नाही. चौकोन अगदी मधोमध नाहीत, खाली सरकलेले आहेत. पाटी उलटी केली तर मागे आल्बर्सच्या हस्ताक्षरात कोणकोणते रंग वापरले आणि ते कुठल्या कंपनीचे, याची नोंद असते. म्हणजे हा एक प्रयोग आहे आणि मागची नोंद ही त्याची वही. तोच पिवळा एका चित्रात पुढे येतो, दुसऱ्यात मागे जातो, कारण शेजारचा रंग बदललेला असतो. आकृती, कथा, भावना, छायाप्रकाश, सगळं त्याने मुद्दाम वगळलं, म्हणून हे एवढंच लख्ख दिसू शकतं. एवढं एकदा पाहिलं की स्वतःच्या खोलीतल्या भिंतीकडे आणि तिच्यालगतच्या पडद्याकडे बघायची नजरही बदलते.

अमूर्त चित्रासमोर हा उपाय हमखास लागू पडतो. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत बघा. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवणं आणि काढणं, हे त्यांच्या कामाचं मर्म. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्या थरांपुढे उभं राहून ‘यात काय दिसतं?’ असं विचारणारा निराश होतो. ‘हा रंग इथे कसा पोचला?’ असं विचारणाऱ्याला बराच वेळ काम मिळतं. घरात लावायच्या कलाकृतीत मी हेच शोधतो: पाहून संपत नाही असं काहीतरी. संग्रहालयातल्या चित्रापुढे आपण एखादं मिनिट उभे राहतो. घरातलं चित्र वर्षानुवर्षं डोळ्यांच्या कोपऱ्यातून, चहा हातात धरून, फोनवर बोलता बोलता पाहिलं जातं. एका झटक्यात सगळं सांगून टाकणारं चित्र अशा पाहण्यात टिकत नाही.

पुढचा गोंधळ जास्त व्यावहारिक आहे. आपण नेमकं काय विकत घेतोय? ‘प्रिंट’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांचा फरक सांगायची घाई विकणाऱ्याला क्वचितच असते.

पहिली गोष्ट म्हणजे मुद्राचित्र. वुडकट, एचिंग, लिथोग्राफ, स्क्रीनप्रिंट हे सगळे त्याचे प्रकार. कलाकार लाकूड कोरतो, तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर रेघा खोदतो, दगडावर तेलकट खडूने रेखाटतो किंवा ताणलेल्या जाळीतून शाई दाबतो. मग त्यावरून कागदावर ठसे काढतो. इथे ‘मूळ चित्र’ वेगळं कुठे नसतंच. प्रत्येक ठसा हीच मूळ कलाकृती. दुसरी गोष्ट म्हणजे नक्कल: आधी झालेल्या रंगचित्राचा फोटो काढून छापलेली प्रत. तिला पोस्टर म्हणा, आर्ट प्रिंट म्हणा. १९९०च्या दशकात इंकजेटच्या प्रतींना ‘झिक्ले’ असं भारदस्त नाव मिळालं, पण नावाने वस्तू बदलत नाही. उत्तम कागदावर, टिकाऊ रंगद्रव्यांनी छापलेली झिक्ले देखणी असते, वर्षानुवर्षं टिकते आणि ती घेण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त तिचे पैसे नकलेचे द्यावेत, मुद्राचित्राचे नाही. आणि इथे एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. कलाकाराने चित्र संगणकावरच केलं असेल, त्याचं कागदावरचं पहिलं रूपच इंकजेटमधून येत असेल, तर तो डिजिटल प्रिंट हीच मूळ कृती ठरते.

फरक ओळखायला शिक्षण लागत नाही, दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग लागतं. ते कागदावर टेकवा आणि डोळा जवळ न्या. निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके एकमेकांभोवती फुलासारख्या गोल रचनेत दिसले, तर ती ऑफसेट छपाई आहे, मासिकाच्या पानासारखी. बारीक, विस्कळीत तुषार दिसले तर इंकजेट. स्क्रीनप्रिंटमध्ये सहसा ठिपके नसतातच. रंगाचा सलग, सपाट थर कागदावर बसलेला असतो, त्याची कड जराशी उचललेली असते आणि जिथे दोन रंग एकमेकांवर येतात तिथे तिसराच रंग तयार झालेला दिसतो. (कलाकाराने ठिपके मुद्दाम वापरलेले असतात, तिथे ते मोठे आणि उघड असतात.) एचिंगमध्ये चित्राभोवती कागदात दबलेली चौकोनी खूण असते, कारण पत्र्यासकट कागद जाड रुळाखालून गेलेला असतो. प्रकाश तिरका पाडला तर शाईच्या रेघा किंचित उठलेल्या दिसतात. वुडकटमध्ये ठळक काळ्या भागात कधीकधी लाकडाचे तंतू उमटतात. ही दोन मिनिटांची तपासणी विक्रेत्यासमोर करायला संकोच वाटायचं कारण नाही. जाणकार विक्रेता उलट खूश होतो.

मग येतात कडेला पेन्सिलीने लिहिलेले आकडे. १२/४० म्हणजे चाळीस ठशांच्या आवृत्तीतला बारावा क्रमांक. ‘ए. पी.’ असेल तर तो कलाकाराने स्वतःसाठी राखलेला ठसा. क्रमांक लहान म्हणजे ठसा सरस, असा एक समज आहे. बहुतेक तंत्रांत त्याला आधार नाही, कारण ठसे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने त्यांना आकडे दिले जातात असंही नाही. ड्रायपॉइंट मात्र वेगळं. त्यात सुईने पत्रा ओरखडताना रेघेच्या काठाला धातूची बारीक खरखरीत कड उभी राहते. तिच्यात शाई अडकते आणि रेघेला मखमली झाक येते. यंत्राच्या दाबाखाली ही कड लवकर झिजते, म्हणून सुरुवातीचे ठसे खरोखरच सरस असतात. आवृत्ती पूर्ण झाली की अनेकदा पत्र्यावर काट मारून तो रद्द केला जातो, म्हणजे पुन्हा ठसे काढायची सोय राहत नाही. उलट, डिजिटल नकलेवर ‘मर्यादित आवृत्ती’ लिहिलेली असते, तेव्हा ती मर्यादा फक्त विकणाऱ्याच्या शब्दावर असते. २,००० प्रतींची मर्यादित आवृत्तीही मी पाहिली आहे. मर्यादित कोणत्या अर्थाने, ते त्यांनाच ठाऊक.

काही वेळा तर हातात वस्तू येतच नाही. सॉल लविट यांनी १९६८ मध्ये पहिलं भिंतचित्र न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत स्वतः रेखाटलं. पुढे अशी चित्रं इतरांनी त्यांच्या लेखी सूचना आणि आकृतीवरून काढायची, हा रिवाज पडला. विकत घेणाऱ्याला प्रमाणपत्र आणि आकृती मिळते. घर बदललं की जुन्या भिंतीवर रंग फासायचा आणि नव्या भिंतीवर चित्र पुन्हा काढायचं. मौरिझिओ कॅटेलान यांचं २०१९ मधलं, टेपने भिंतीला चिकटवलेलं केळं जगभर चेष्टेचा विषय झालं, पण तिथेही व्यवहार केळ्याचा नव्हताच. विकलं गेलं ते प्रमाणपत्र आणि ते कसं लावायचं याच्या सूचना. केळं कितीही वेळा बदलता येतं. आवडो न आवडो, संगीताची लिपी विकत घेऊन घरी वाजवण्याशी याचं नातं आहे. आणि वस्तू कुठलीही असली तरी एक गोष्ट कायम: कलाकृती तुमची झाली म्हणजे तिचा कॉपीराइट तुमचा झाला असं नाही. वेगळा लेखी करार नसेल तर तो सहसा कलाकाराकडेच राहतो. तुम्ही ती लावू शकता, विकू शकता. तिच्या प्रती छापून उशांवर लावू शकत नाही.

डिझाइनकडे वळलं की कला कुठे संपते आणि वस्तू कुठे सुरू होते, हा प्रश्न पडतो. मला वाटतं त्याचं उत्तर न शोधणंच फायद्याचं. जोसेफ यांच्या पत्नी आनी आल्बर्स १९२२ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेत गेल्या. तिथे मुलींची रवानगी बहुधा विणकामाच्या कार्यशाळेत व्हायची, तशी त्यांचीही झाली. १९३० मध्ये पदविकेसाठी त्यांनी बर्नाउ इथल्या एका शाळेच्या सभागृहासाठी भिंतीवर लावायचं कापड विणलं. त्याची एक बाजू सेलोफेनमुळे प्रकाश परतवायची आणि दुसरी आवाज शोषून घ्यायची. म्हणजे एकाच कापडाने सभागृह उजळही झालं आणि घुमायचंही थांबलं. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं एकल प्रदर्शन भरवलं. कापड-रचनाकाराला तिथे असा मान पहिल्यांदाच मिळत होता. कापड तेच, माग तोच. बघणारे बदलले.

घरासाठी यातून थेट उपयोगाचं काही निघतं. फरशी, काच आणि मोकळ्या भिंती असलेली खोली घुमते. तिथे काचेच्या फ्रेममधलं चित्र आवाजात काहीच फरक करत नाही. विणलेली भिंतकृती, जाड सतरंजी किंवा लोकरीचं काम तो फरक करतं. आवाजासाठी म्हणून कापड निवडायला गेलेला माणूस समकालीन विणकामाच्या नादी लागतो, असं मी एकदा नाही तर अनेकदा पाहिलं आहे.

अमेरिकी शिल्पकार इसामू नोगुची यांचे ‘अकारी’ दिवेही याच सीमेवर लटकतात. जपानमधल्या गिफू शहरातले कंदील १९५१ मध्ये पाहून त्यांनी ते करायला घेतले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर हाताने केलेला वाशी कागद. घडी घातली की चपटा होतो, उघडला की प्रकाशाचं शिल्प. १९८६ मध्ये व्हेनिस बिएनालेत अमेरिकेचं प्रतिनिधित्व करताना नोगुची यांनी हेच दिवे मांडले. ज्या मांडवात देशोदेशीचे कलाकार आपलं सर्वांत ‘गंभीर’ काम नेतात, तिथे घरात टांगायचे कागदी दिवे!

डिझाइनच्या वस्तूत खरं-खोटं ओळखायचं असेल तर ती उलटी करा. फिनलंडच्या अल्वार आल्टो यांचा १९३३ चा तीन पायांचा स्टूल बघा. पाय सरळ भागात बर्चचं भरीव लाकूड आहे. वळणाच्या जागी त्याला उभे काप घेऊन, त्यांत लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून तो वाकवलेला आहे. म्हणून वाकावर थर दिसतात आणि खाली दिसत नाहीत. वाकलेला पाय वरच्या चकतीला खालून थेट स्क्रूने बसतो, मधला सांगाडा लागतच नाही. सगळी करामत त्या एका वळणात आहे. नक्कल करणारा बाह्यरेषा उचलतो. वळण कसं आलं, हे त्याच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचं असतं, आणि वस्तू नेमकी तिथेच मोडते. मूळ परवान्याने बनलेली वस्तू परवडत नसेल तर नक्कल घेण्यापेक्षा आजच्या, नाव नसलेल्या डिझायनरची अस्सल वस्तू घ्यावी, हे माझं ठाम मत. नाहीतर स्वतः ठोकावी. इटलीच्या एन्झो मारी यांनी १९७४ मध्ये साध्या फळ्या आणि खिळ्यांत होणाऱ्या टेबल-खुर्च्या-पलंगांचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. कारखानदार आणि व्यापारी सोडून कुणीही ते बनवावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. स्वतः ठोकलेली खुर्ची कदाचित डुगडुगेल, पण त्यानंतर दुकानातली खुर्ची तुम्ही पूर्वीसारखी बघणार नाही.

नवे कलाकार शोधायचे कुठे? कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं, मुद्राचित्रणाच्या सामूहिक कार्यशाळा, कलाकार स्टुडिओ खुले ठेवतात ते दिवस. संग्रहालयंही स्वतःच्या मर्यादित आवृत्त्या काढतात. फोनवर बघून यादी करावी, पण निर्णय प्रत्यक्ष बघूनच घ्यावा, कारण पडद्यावर पोस्टकार्डएवढं चित्र आणि भिंतीएवढं चित्र एकाच मापाचं दिसतं. नवख्या चित्रकारांच्या किमती अनेकदा सरळ आकारावर ठरतात. मोठं म्हणजे महाग, मग ते सरस असो वा नसो. म्हणून लहान आकारात उत्तम काम मिळण्याची शक्यता चांगली असते. गॅलरीचा वाटा बहुतेक ठिकाणी किमतीच्या निम्म्याच्या आसपास असतो, हे ठाऊक असावं. पण कलाकार गॅलरीशी बांधलेला असताना तिच्या पाठीमागून त्याला गाठून ‘निम्म्यात दे’ म्हणणं बरं नाही. त्यात अडचणीत येतो तो कलाकारच. हप्त्याने द्यायची सोय मात्र बिनधास्त विचारा. ती बऱ्याच ठिकाणी असते आणि न विचारल्यामुळे कळत नाही.

आणल्यावर सगळ्यात मोठा शत्रू प्रकाश. कागद आणि कापडासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची मर्यादा पाळतात (लक्स म्हणजे उजेडाचं माप). प्रकाशाने होणारी हानी साचत जाते आणि परत फिरत नाही. उघड्यावरचं थेट ऊन १,००,००० लक्सपर्यंत जातं. खिडकीतून आत येताना ते निम्मं झालं असं धरलं, तरी उन्हाची तिरीप तासभर चित्रावर पडली की संग्रहालयातल्या १,००० तासांएवढा प्रकाश त्याने पचवला. रोज आठ तासांच्या हिशेबाने हे चार महिने झाले. अतिनील किरण अडवणारी काच मदत करते, पण दिसणारा प्रकाशही रंग उडवतोच, त्यामुळे त्या काचेच्या भरवशावर जलरंगाचं चित्र खिडकीसमोर लावू नये. फ्रेम करताना आम्लमुक्त माऊंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, मागा. स्वस्त पुठ्ठ्याचं आम्ल कागदात उतरतं आणि काही वर्षांत चित्राच्या कडेने तपकिरी पट्टा उमटतो. काच चित्राला टेकता कामा नये, मधे माऊंटची जाडी हवी. ओल येणाऱ्या भिंतीवर लावायचंच असेल तर फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना छोटे ठोकळे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते.

टांगण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर आला की उभ्या माणसाच्या नजरेला ठीक पडतो. बहुतेक घरांत चित्रं याहून बरीच वर टांगलेली असतात. बसूनच बघायची जागा असेल तर आणखी खाली आणा. खिळा ठोकण्याआधी त्याच मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीवर दोन दिवस चिकटवून ठेवा.

पावती, कलाकाराची सही असलेलं प्रमाणपत्र आणि चित्राच्या पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो एका पाकिटात ठेवा, पण ते पाकीट फ्रेमच्या पाठीला चिकटवू नका. कागदावरची कामं वर्षभर सलग लावण्यापेक्षा काही महिन्यांनी उतरवून आम्लमुक्त कागदात घालून, कोरड्या जागी आडवी ठेवावीत आणि तिथे दुसरं काही लावावं.